सरदार कोणता? : सीताबर्डीच्या लढाईतील अधिकाऱ्यांच्या लघुप्रतिमा आणि त्यांचे रंगकाम

१

गेल्या दिवाळीच्या सुटीत विभागातील चारपाच पदव्युत्तर विद्यार्थी प्रस्तुत लेखकाच्या घरी आले होते. बैठकीच्या खोलीत मोठ्या टेबलावर सीताबर्डीच्या लढाईचा पट मांडलेला होता. कागदाच्या लगद्याच्या दोन टेकड्या, त्यांवर कंपनी सरकारच्या लाल डगल्यांच्या रांगा, आणि पायथ्याशी नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार, अरब शिपाई व तोफा, अशी ती मांडणी होती. एका विद्यार्थिनीने टेकडीवरील रांगांकडे एकवार पाहिले आणि कॅप्टन कोणता, लेफ्टनंट कर्नल कोणता हे अचूक सांगितले. तिने यापूर्वी असा पट पाहिलेला नव्हता. नंतर ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “सर, आणि यातले सरदार कोणते?”

या प्रश्नाला लेखकाजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. सरदारांच्या प्रतिमा पटावर होत्या, त्या मनापासून रंगविलेल्या होत्या. पण त्या बोट ठेवून दाखवाव्या लागल्या. जे चिन्ह दाखवून द्यावे लागते ते चिन्ह म्हणून फसलेले असते. हे अपयश हाताचे की डोळ्याचे, की त्यामागे इतिहासाच्या आणि भाषेच्या आकलनाचा काही दोष आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरकरणी छंदाचा दिसला, तरी भाषाभ्यासकाला त्यात आपल्या शास्त्रातील एक मूलभूत प्रश्न भेटतो, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगणे इष्ट होईल. पटावरील युद्धखेळ ही आधुनिक युरोपची निर्मिती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात राइस्वित्झ पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ सिद्ध केला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांशी खेळावयाचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले आणि हा खेळ घरांत आला. आज धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिमा विकत घेऊन, त्या हाताने रंगवून, फूटपट्टी व फासे यांच्या साहाय्याने ऐतिहासिक लढाया पुन्हा मांडल्या जातात. यांतील एक सर्वपरिचित माप २८ मिलिमीटरचे होय.

या खेळात अधिकाऱ्याच्या प्रतिमेला निराळे कार्य असते. ज्या तुकडीपासून तो ठराविक अंतरावर असेल ती त्याचा हुकूम ऐकते, तिचे धैर्य सावरते. तो पडला किंवा दूर गेला की तुकडी विस्कळीत होऊ शकते. म्हणून अधिकारी कोणता हे दोन्ही खेळाडूंना हातभर अंतरावरून कळले पाहिजे. प्रतिमा सुंदर असणे ही पुढची गोष्ट. ती ओळखू येणे ही पहिली.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्वथा परकी नाही. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मुले जे मावळे मांडतात त्यांतही सिंहासनावरील महाराज, तोफेजवळचा गोलंदाज आणि दरवाजावरचा पहारेकरी असा भेद असतो. नागपुरात महाल भागातील चितार ओळ गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. ‘चितारी’ हा शब्द संस्कृत ‘चित्रकार’ या शब्दापासून आलेला आहे हे येथे ध्यानात घ्यावे. मूर्तीला रंगाचे हात देऊन झाल्यावर डोळ्यांची ‘आखणी’ शेवटी करावयाची, हा जो मूर्तिकारांचा क्रम, तोच बोटाच्या पेराएवढ्या शिपायालाही लागू पडतो.

३

आता लढाईकडे वळू. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांच्यात सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर युद्धाला तोंड लागले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते संपले. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स तेथे उपस्थित होता. फौजेचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल स्कॉट याच्याकडे होते. मद्रासच्या २० व्या व २४ व्या देशी पायदळ पलटणींचे शिपाई आणि बंगालच्या ६ व्या घोडदळातील तीन तुकड्या हे तिचे प्रमुख घटक होत. एकूण संख्या दीड हजाराच्या आतच होती. भोसल्यांचे सैन्य तिच्या अनेक पट होते. सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली. कॅप्टन फिट्झजेराल्ड याच्या घोडदळाचा हल्ला आणि अरबांची टेकडीवरून झालेली पीछेहाट यांनी शेवटी पारडे फिरले. डिसेंबरात नागपूर शहरापाशी पुन्हा लढाई झाली, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. टेकडीवर नंतर बांधलेला किल्ला आज भारतीय सेनेच्या ताब्यात आहे आणि वर्षातील काही ठराविक दिवशीच तो नागरिकांना पाहावयास मिळतो.

या लढाईतील कंपनीचा अधिकारी रंगविणे कष्टाचे आहे, पण अवघड नाही. कारण त्याचा हुद्दा त्याच्या अंगावर शिवलेला आहे. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाच्या मंद, विटकरीकडे झुकणाऱ्या लाल रंगाचा, तर अधिकाऱ्याचा त्याहून महाग रंगात रंगविलेला लालभडक. म्हणजे दोन लाल रंग वेगळे ठेवले की अर्धे काम होते. कमरेला किरमिजी रंगाचा रेशमी पट्टा, गळ्याखाली चंद्रकोरीच्या आकाराची धातूची पट्टी (ही इंग्रजी सैन्यात १८३० मध्ये बंद झाली), आणि खांद्यावर सोनेरी झुबके. १८१० च्या इंग्रजी लष्करी हुकुमाने या झुबक्यांचे व्याकरणच घालून दिले होते. पायदळातील सामान्य कॅप्टन व लेफ्टनंट यांच्या उजव्या खांद्यावर एक, आणि मेजर व त्यावरील अधिकाऱ्यांच्या दोन्ही खांद्यांवर दोन. शिवाय दर्जाप्रमाणे तारा किंवा मुकुट. कंपनीच्या फौजा या बाबतीत राजाच्या सैन्याचेच अनुकरण करीत.

२८ मिलिमीटरच्या प्रतिमेत प्रमाण सुमारे साठास एक असे पडते. अडीच सेंटीमीटरचा तारा तेथे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतो, म्हणजे तारा आणि मुकुट यांतील भेद डोळ्याला नाहीसा होतो. एक झुबका आणि दोन झुबके यांतील भेद मात्र टिकतो. म्हणून रंगविणाऱ्याने ताऱ्याच्या मागे लागू नये. झुबका किंचित मोठा व उजळ करावा. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्या लक्षणाने अर्थभेद होतो ते व्यवच्छेदक लक्षण जपावे आणि उरलेल्या तपशिलाला रजा द्यावी. त्या विद्यार्थिनीने कॅप्टन ओळखला तो या व्यवस्थेमुळे. डगल्याचे व्याकरण तिला कोणी शिकविले नव्हते. परंतु ‘एकसारख्यांच्या रांगेत एक निराळा’ हा भेद कोणालाही वाचता येतो.

४

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हा मार्ग बंद होतो. भोसल्यांच्या सैन्यात शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. अरबांच्या टोळ्या आपल्या जमादारांच्या हाताखाली, आपल्या पोशाखात, जंबिया व तोडेदार बंदूक घेऊन लढत. या लोकांच्या अंगावर एकसारखा गणवेश नव्हता. रांगच एकसारखी नसेल, तर तीतील निराळा माणूस उठून कसा दिसावा?

येथे प्रस्तुत लेखकाने केलेली चूक सांगितली पाहिजे. पहिल्या प्रयत्नात त्याने सर्व स्वारांचे अंगरखे एकाच पिवळसर छटेत रंगविले, सर्वांना भगवी पागोटी दिली, आणि सरदार ओळखू यावा म्हणून त्याच्या खांद्यावर सोनेरी झालर व कमरेला लाल पट्टा काढला. एका भाषेतील वाक्याचे शब्द दुसऱ्या भाषेत घ्यावे, पण व्याकरण मात्र पहिलीचेच ठेवावे, तसा हा प्रकार झाला. परिणाम दुहेरी वाईट. सरदार ओळखू आला तर तो इंग्रज कॅप्टनाची दुबळी नक्कल वाटतो. आणि ओळखू आला नाही तर त्याच्यामागची फौज ही फौज न वाटता गर्दी वाटते.

हा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अशा पटाशेजारी उभा राहिलेला शाळकरी मुलगा नकळत एक धडा घेऊन जातो: एका बाजूला सैन्य होते आणि दुसऱ्या बाजूला जमाव होता. सीताबर्डीच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांविषयी इतिहासकारांनी वाद घालावा. परंतु ‘त्यांच्यात अधिकारीच नव्हते’ हे कारण केवळ रंगविणाऱ्याच्या कुंचल्याने निर्माण होऊ नये.

५

मराठ्यांचा अधिकारी कशावरून ओळखला जाई, या प्रश्नाचे उत्तर शोधताना लेखकाला चित्रांआधी शब्दांनीच वाट दाखविली.

हुद्द्यांची नावे पाहा. हवालदार, जुमलेदार, सुभेदार, जमादार, किल्लेदार, ठाणेदार. या सर्वांतील ‘-दार’ हा फारसी घटक ‘धरणारा, बाळगणारा’ या अर्थाचा असून संस्कृतातील ‘धर’ या शब्दाचा तो सगोत्र आहे. ज्याच्या हवाली काही केले तो हवालदार. ज्याच्याकडे सुभा तो सुभेदार. ज्याच्याभोवती माणसांची जमात तो जमादार. ‘सरनौबत’ म्हणजे नौबतीचा प्रमुख. ‘हजारी’, ‘पंचहजारी’ म्हणजे तितक्या माणसांचा नायक. शिवकालीन घोडदळात पंचवीस स्वारांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी अशी चढती रचना होती, तेव्हा श्रेणीचा अभाव होता असे मुळीच म्हणता येणार नाही. नागपूरकर भोसल्यांचा शाहू छत्रपतींकडून आलेला किताबही ‘सेनासाहेबसुभा’ असा होता. या नावांपैकी एकही नाव माणसाच्या अंगावरील खुणेचा निर्देश करीत नाही. प्रत्येक नाव माणसाच्या भोवती काय आहे ते सांगते.

इंग्रजी पक्षाची नावेही मुळात निराळी नव्हती. ‘लेफ्टनंट’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याची जागा धरणारा’ असाच आहे. फरक इतकाच की युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा संबंध डगल्यावर उतरविला गेला. व्याकरणाचा दृष्टांत द्यावयाचा तर तेथे हुद्दा हा शब्दाला जडलेला प्रत्यय झाला, आणि येथे तो वाक्यातील स्थानावरून व शेजारच्या शब्दांवरून कळत राहिला. प्रत्यय नाही म्हणून अर्थ नाही, असे कोणताही भाषाशास्त्रज्ञ म्हणणार नाही.

मराठीचे वाक्प्रयोग याच दिशेने बोलतात. पद मिळणे याला जुना मराठी शब्दप्रयोग ‘वस्त्रे मिळणे’ असा आहे. पेशवाईची वस्त्रे, सुभ्याची वस्त्रे. म्हणजे वस्त्र हे अधिकाराचे चिन्ह होतेच. परंतु ते मानाचे वस्त्र होते, गणवेश नव्हता. त्याचे मोल त्याच्या कापडात, जरीत आणि ते देणाऱ्याच्या हातात होते. ‘पालखीपदस्थ’, ‘अबदागिरीचा मान’, ‘चौघडा झडणे’ हे प्रयोग त्याहून पुढे जातात. पालखी स्वतः उचलावयाची नसते, अबदागीर स्वतः धरावयाची नसते, चौघडा स्वतः वाजवावयाचा नसतो. या मानाच्या खुणा दुसऱ्यांच्या खांद्यावर व हातात असतात. तेव्हा सरदार कोणता, हे सरदाराकडे पाहून कळत नाही. त्याच्या शेजारच्या माणसांकडे पाहून कळते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते, आणि लेखकाने मात्र प्रत्येक सरदार एकेकटा उभा केला होता.

एकाच शब्दाच्या दोन प्रतिमा या पटावर समोरासमोर येतात, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. टेकडीवर कंपनीच्या देशी पलटणीत जमादार आहे आणि पायथ्याशी अरबांच्या टोळीचा प्रमुखही जमादारच आहे. पहिला लाल डगल्यात, पलटणीच्या उतरंडीत सुभेदाराच्या खाली. दुसरा आपल्या माणसांचा मुख्य, त्यांच्या पगाराची व निष्ठेची जबाबदारी वाहणारा. शब्द एक, पण मूल्य निराळे, कारण मूल्य शेजारच्या शब्दांवरून ठरते. पुढे या शब्दांचा झालेला अर्थापकर्ष सर्वपरिचित आहे. शिवकाळात किल्ल्याचा प्रमुख असलेला हवालदार आज पोलीसचौकीत भेटतो. भारतीय सेनेने १९६५ मध्ये ‘जमादार’ हा हुद्दा बदलून ‘नायब सुभेदार’ असे नाव दिले. म्हणून आजच्या अर्थावरून १८१७ मधल्या माणसाची प्रतिमा रंगविणे धोक्याचे आहे.

६

या विचारानंतर पटावरील सरदार लेखकाने नव्याने तयार केले. ती पद्धती जिज्ञासूंसाठी थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट बैठकीची. सरदाराला एकट्याची छोटी बैठक न देता सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीची बैठक द्यावी. मध्ये घोड्यावर सरदार, त्याच्या मागे अबदागीर धरणारा, बाजूला निशाणाचा स्वार, आणि समोर हुकूम घेण्यास वाकलेला जासूद. चार आकृतींचा हा समूह म्हणजेच एक अधिकारी, असे समजावे. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या बैठकीवर दोन आकृती पुरेत. अशा रीतीने श्रेणी रंगापेक्षा आधी संख्येने दिसते. अरब जमादाराला अबदागीर देऊ नये. त्याच्याभोवती त्याची माणसे दाट उभी करावीत.

दुसरी गोष्ट कापडाची. धातूची प्रतिमा धुऊन कोरडी केल्यावर करड्या रंगाचे पातळ अस्तर द्यावे. स्वारांचे अंगरखे सुती व पांढरे ठेवावेत, पण प्रत्येकाचा पांढरा निराळा असावा: कोणाचा धुतलेला, कोणाचा मळखाऊ, कोणाचा निळीकडे झुकणारा. पांढरा थेट लावू नये. आधी राखी किंवा फिकट मातकट हात द्यावा, चुण्यांच्या खाचांत तो राहू द्यावा आणि फक्त उंचवट्यांवर पांढरा चढवावा. पागोटी व शेले यांना कुसुंबी, हळदी, निळा, हिरवा असे निरनिराळे रंग द्यावेत. कुसुंबी हा करडईच्या फुलांचा रंग. तो उन्हाने व धुण्याने लवकर फिकटतो, म्हणून साध्या स्वाराचे कुसुंबी पागोटे विटलेल्या गुलाबीसारखे रंगवावे आणि सरदाराचे ताजे. एकाच रंगाची ताजी व विटलेली छटा हा येथे दर्जाचा भेद ठरतो. सर्वांना एकच भगवा देण्याचा मोह टाळावा. भगवा निशाणावर राखून ठेवला की निशाण दुरून दिसते.

तिसरी गोष्ट जरीची. शेल्याचा साडेसात सेंटीमीटरचा काठ या मापात सव्वा मिलिमीटर होतो, म्हणजे बारीक कुंचल्याने तो सहज काढता येतो. त्यासाठी सोनेरी रंगाआधी तपकिरी रेघ ओढावी आणि तिच्यावर तुटक सोनेरी ठिपके द्यावेत. सलग सोनेरी रेघ पितळी पट्टीसारखी दिसते. शिरपेच, मोत्यांची कंठी, कानातील चौकडा यांना एकेक ठिपका पुरे. डोळ्यांची आखणी शेवटी.

पोशाखाच्या आधारासाठी टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पूर्ण केलेले पुण्याच्या दरबाराचे चित्र, आणि शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८१३ मध्ये छापलेल्या पत्रांतील रंगीत चित्रे उपयोगी पडतात. तथापि ती नागपूरची नाहीत. त्यांतून कापड, बांधणी आणि माणसांची मांडणी घ्यावी, व्यक्ती घेऊ नयेत. हत्यारांच्या आकारांसाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, जवळच आहे.

जाता जाता एका रंगनामाची नोंद करतो. इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरपट्ट्याच्या रंगाला इंग्रजीत ‘क्रिम्झन’ म्हणतात आणि मराठीत ‘किरमिजी’. हे एकमेकांचे भाषांतर नसून दोन्ही शब्द अरबी ‘किर्मिझ’वरून आलेले आहेत, ज्या किड्यांपासून तो रंग निघे त्यांच्यावरून. इराणी ‘किर्म’ आणि आपला ‘कृमी’ यांचे मूळ एकच आहे. टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले खेळाडू कुंचला एकाच कुपीत बुडवितात, हे दोघांनाही ठाऊक असावे.

७

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. फेर्दिनां द सोस्यूर याने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. घोडा हरवला तर त्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवून डाव चालू शकतो, कारण सोंगटीचे मूल्य तिच्या आकारात नसून इतर सोंगट्यांशी असलेल्या संबंधात आहे. मग सरदाराच्या जागी शर्टाचे बटण का ठेवू नये? खेळापुरते ते चालेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु बुद्धिबळातला वजीर कोणा एका राज्याचा वजीर नसतो. सीताबर्डीच्या पटावरचा सरदार हा या शहरात राहिलेल्या, या टेकडीखाली लढलेल्या माणसांच्या जागी उभा असतो. त्याला खेळातले मूल्य आहे आणि इतिहासातला निर्देशही आहे. बटण पहिले काम करील, दुसरे करणार नाही. खांद्यावर झालर काढलेला सरदार दुसरे काम करण्याचा आव आणील आणि ते चुकीचे करील.

जानेवारीत तीच विद्यार्थिनी प्रबंधाच्या कामासाठी पुन्हा आली होती. पट तसाच होता, बैठकी मात्र बदललेल्या होत्या. लेखकाने काही विचारले नाही. तिने पायथ्याशी उभ्या असलेल्या समूहांकडे पाहिले, अबदागिरीखालच्या स्वाराकडे बोट केले, आणि नंतर दाट उभ्या अरबांमधील एका आकृतीवर बोट ठेवून विचारले, “आणि हा त्यांचा जमादार ना, सर?” तो जमादारच होता.